गोधड्यांची खोली

माझा धंदा आवाजाचा. मुरबाडला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मंडप आणि साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. हळदीला माझा सेट लागला की पलीकडच्या गावातल्या म्हशी दूध चोरतात, अशी तक्रार पोलीसपाटलाकडे गेलेली आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्या तक्रारीचा थोडा अभिमानच वाटायचा. अशा माणसाच्या दुकानात एका दुपारी एक बाई आली आणि म्हणाली, "मला असे स्पीकर हवेत, की कान लावल्याशिवाय काही ऐकू येता कामा नये."

मी विचारलं, "मॅडम, बिघडलेले पाहिजेत का?"

"नाही हो. लाजाळू पाहिजेत."

पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक, केस पुरुषासारखे आखूड कापलेले. साडी नेसलेली होती, पण ब्लाऊजच्या जागी पुरुषी चौकड्यांचा शर्ट. शर्टाचे दोन्ही खिसे फुगलेले. बोलता बोलता त्यातून स्क्रू ड्रायव्हर निघायचा, खडू निघायचा, अर्धी खाल्लेली चिक्की निघायची. पुढे ओळख वाढल्यावर मी विचारलं, की बाई, हा शर्टाचा काय प्रकार? तर म्हणाली, खिशासाठी. बायकांच्या कपड्यांना खिसा द्यायची कोणाला छाती होत नाही, कारण मग बाईकडे तिचं स्वतःचं असं काहीतरी राहील. एवढ्यावर ती थांबली नाही. आमच्या गावात राहायला आल्यावर तिनं निम्म्या बायकांच्या परकरांना आतून खिसे शिवून दिले. आमच्या गावात तिच्या कलेबद्दल काय वाटतं ते विचारलंत तर लोक डोकं खाजवतील, पण त्या खिशांबद्दल अजून चांगलं बोलतात.

ती सगळ्यांना अहोजाहो करायची. म्हणजे सगळ्यांना. बालवाडीतल्या पोरांना, दारात आलेल्या शेळीला, तिच्याच चपला पळवणाऱ्या कुत्र्याला. "अहो, ती उजव्या पायाची आहे, ठेवा खाली," असं ती कुत्र्याला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुत्रा ठेवायचा नाही, पण तिचा सूर बदलायचा नाही. मला ती "अहो साऊंडवाले" म्हणायची आणि मी तिला मॅडम म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायची. शेवटी मी बाई म्हणायला लागलो.

पूर्वी ती मुंबईत सिनेमांना आवाज भरायचं काम करायची. पडद्यावर माणूस चालतो, दार लावतो, कप ठेवतो, ते आवाज नंतर कोणीतरी एका खोलीत बसून करतं, हे मला तिच्यामुळे कळलं. इतकी वर्षं मी साऊंडमध्ये, आणि मला पत्ता नाही. तिनं ते का सोडलं हेही तिनं सांगितलं. "बाई पडद्यावर आली की पैंजण, बांगड्या, साडीची सळसळ. तिला नुसतं चालू म्हणून देत नाहीत. आणि ती एकटी बसली असेल तर मग काहीच भरायला सांगत नाहीत, थेट व्हायोलिन. एकट्या बाईचा आवाज कसा असतो, तो कोणाकडेच नाही."

तोच आवाज शोधायला ती आमच्याकडे आली होती. कोणी नवीन माणूस भेटला की नमस्काराच्या आधी विचारायची, "तुम्ही शेवटच्या एकट्या कधी होतात?" बाप्यांनाही विचारायची. मी म्हटलं, सकाळी, संडासात. ती हसली नाही, "बरोबर, बहुतेक जण तेच सांगतात," म्हणाली. आमच्या बायकांना तर प्रश्नच कळायचा नाही. एकीनं उलट विचारलं, "म्हंजे कोन मेल्यावर?"

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, रस्ता सोडून आत. गावाबाहेर माळावर आमची कोंबड्यांची शेड आहे. धंदा बसल्यावर ती रिकामीच पडून होती. मी दादाला सांगितलं की मुंबईची एक बाई ती मागतेय, दोन वर्षं राहील, काम करील आणि शेवटी तिथेच प्रदर्शन भरवील. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ग्रामपंचायतीत निवडून आलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. प्रदर्शन म्हटल्यावर त्याला फीत कापणं, हार आणि फोटो एवढं दिसलं आणि त्यानं लगेच हो म्हटलं.

शेडच्या एका टोकाला तिनं पत्रे ठोकून खोली केली. बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून भिंतींना काहीतरी जाड हवं होतं. तिनं दारोदार फिरून फाटक्या गोधड्या मागितल्या. बायकांना आधी लाज वाटली, मग चढाओढ लागली. हा तुकडा माझ्या सासूच्या लुगड्याचा, हा माझ्या पहिल्या पोरीच्या झबल्याचा, असं सांगत त्या गोधड्या आणून टाकायच्या. बाईनं चारी भिंती, छत, दार, सगळं गोधड्यांनी मढवलं. आत एक चटई आणि एक यंत्र. यंत्राच्या माईकवर ती तान्ह्या बाळाचं लोकरीचं टोपरं घालायची, फुंकरीचा आवाज येऊ नये म्हणून. त्यामुळे म्हाताऱ्या त्या यंत्राला बाळच म्हणायला लागल्या. हे बाळ ती जेवणाच्या डब्यात ठेवायची.

नियम एकच. आत एका वेळी एकच माणूस. कडेवर पोर नको, सोबत जाऊबाई नको. दार लावून घ्यायचं आणि बाळाला सांगायचं ते सांगायचं. आतल्या माणसाला बाहेरून कोणी हाक मारायची नाही. बाई स्वतः मोहाच्या झाडाखाली शेडकडे पाठ करून बसायची आणि कोणी हाक मारायला आलंच तर त्याला परत पाठवायची. "घर पेटलंय का? नाही ना? मग येतील त्या."

पहिला महिना-दीड महिना गेला आणि बाई दुकानात आली ती चेहरा विचित्र करून. हेडफोन माझ्या कानाला लावून म्हणाली, ऐका. ऐकलं तर घोरणं. दुसरं लावलं, तेही घोरणं. तिसऱ्यात एक बाई "बाय, माजं लगीन झालं तवा..." एवढं बोलली होती आणि पुढे नुसता श्वास. बाहेर आल्यावर सगळ्या तिला एकच सांगायच्या, "काय बोलाय सुचलंच नाय गो, डोला लागला."

मला हसू आवरेना. बरोबरच होतं की. गोधड्यांची खोली, चटई, दार बंद, हाक मारणारं कोणी नाही. आमच्या बायका तिथे झोपणार नाहीत तर काय करणार? दिवसा सुनेनं आडवं होणं म्हणजे आमच्याकडे आळशीपणाची हद्द. मी म्हटलं, "बाई, पुसून टाका आणि खोलीत चटईऐवजी खुर्ची ठेवा."

बाईनं माझ्याकडे असं बघितलं की मी हसायचा थांबलो. "पुसू? अहो, यांनी मला सगळ्यात खरं तेच सांगितलंय." आणि तिनं चटईच्या खाली आणखी एक गोधडी घातली.

तसं बोललेही लोक. एकीनं नुसती तिनं आजवर पाळलेल्या शेळ्यांची नावं सांगितली, एकेक शेळी डोळ्यांपुढे उभी राहील अशी. एकीनं मेलेल्या सासूला अर्धा तास शिव्या दिल्या आणि शेवटी तिलाच विचारलं, जेवलीस का. वाशिंदच्या कारखान्यात जाणारा एक जवान गडी आत बसून रडला आणि बाहेर येऊन म्हणाला, हे ठेवा, पण नाव नको. नाव बाई कोणाचंच सांगायची नाही. जे भरलं ते ज्याचं त्याला आधी ऐकवायची आणि ठेवू का म्हणून विचारायची. नाही म्हटलं की त्यांच्यासमोर पुसायची.

माझीही पाळी आली. मी म्हटलं, माईक तर माझ्या घरचा. आत गेलो, दार लावलं आणि तोंडातून निघालं, "हॅलो. हॅलो चेक. माईक टेस्टिंग." पुढे काही येईना. पुन्हा "हॅलो." हजारो माणसांच्या लग्नात बोलणारा मी, एका टोपऱ्यापुढे मला स्वतःचं एक वाक्य सापडेना. तसाच बाहेर आलो. ते "हॅलो चेक" तिनं प्रदर्शनात ठेवलं. ठेवू का विचारल्यावर मी हो म्हणालो, पण का म्हणालो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

एकदा ती माझ्या एका हळदीच्या कार्यक्रमाला आली. मी सेट पूर्ण उघडलेला, पोरं नाचताहेत. ही बाई बेसच्या पुढ्यात जाऊन त्यावर हात ठेवून उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन कानात ओरडली, "मांडवाच्या मागे काहीतरी गातायत त्या." बघितलं तर मागे चारपाच म्हाताऱ्या एकमेकींना धरून बसलेल्या आणि त्यांची तोंडं हलत होती. हळदीची गाणी चालली होती आणि माझ्या सेटपुढे त्यांची त्यांनाही ऐकू जात नव्हती. मी आवाज खाली केला. नवऱ्याचे दोस्त माझ्या अंगावर धावून आले. बाई त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "अहो, एक गाणं होऊ द्या, मग फोडा कान." त्या पोरांना कोणी आजवर अहो म्हटलेलं नव्हतं. पोरं मागे सरली. ते एक गाणं झालं. हे धाडस आमच्या पट्ट्यात कोणी बाप्या करणार नाही, हे मी साऊंडवाला म्हणून सांगतो.

आता माझ्या आईचं सांगतो. आमच्या वडलांना लकवा झालेला आहे. एक बाजू गेली, बोलणंही गेलं. रात्री त्यांना कुशीवर वळवावं लागतं, पाणी पाजावं लागतं, ते नुसते घसा खाकरतात आणि आई उठते. आम्ही दोन मुलगे, दोन सुना, पण म्हातारा दुसऱ्या कोणाच्या हातचं घेत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. ते आम्हाला सोयीचंही होतं. मी चाळिशीचा झालो, पण आई झोपलेली मी कधीच बघितलेली नव्हती. मी निजायच्या वेळी ती जागी, मी उठायच्या वेळी ती जागी. झोपते कधी हा प्रश्नही मला पडला नाही.

दर गुरुवारी दुपारी आई शेडवर जायची. "बायला गोष्ट सांगाय जाते," म्हणायची. तासाभरानं यायची आणि परत कामाला लागायची. गुरुवारी ती जरा हसरी असते, एवढं माझ्या बायकोच्या लक्षात आलं होतं.

भात झोडून झालं, शेतं रिकामी झाली, आणि प्रदर्शनाची तारीख ठरली. शेडच्या पाइपांवरून बाईनं गावातल्या जुन्या साड्या उभ्या सोडल्या. प्रत्येक साडीला कानाच्या उंचीवर एक खिसा शिवला आणि खिशात एक लहानसा स्पीकर. हे स्पीकर मी जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढून तयार केले होते. सगळ्या वायरी एका बोर्डाला जोडल्या होत्या. साडीजवळ जाऊन पदर कानाशी धरायचा तेव्हा आतलं माणूस ऐकू यायचं. एरवी शेड शांत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कमी वॅटचं काम, आणि मी त्यावर हळदीच्या दहा सेटएवढी मेहनत घेतली.

आदल्या दिवशी संध्याकाळी दादा पाहणीला आला. पाहुणे कुठे उभे राहतील, हार कुठे ठेवायचे ते त्यानं बघितलं. मग एका हिरव्या साडीचा पदर सहज कानाशी धरला. बराच वेळ तसाच उभा राहिला. त्यात काय होतं ते मला माहीत होतं, मीच तो स्पीकर बसवला होता. एका बाईचा झोपेतला श्वास, हलकी शीळ, मध्येच दात करकर वाजतात, आणि शेवटी ती दचकून जागी होते आणि म्हणते, "आले, आले." कोणी बोलावलेलं नसताना. आमच्या घरात दिवसातून शंभरदा ऐकू येणारं ते "आले, आले" दादाला ओळखू येणार नाही असं कसं होईल? मीही त्याच्यावरूनच ओळखलं होतं आणि गप्प बसलो होतो.

दादाचा चेहरा काळा पडला. "दोन ल्योक, दोन सुना असून आय कोंबड्यांच्या शेडमंदी निजाय येते? उंद्या सगला गाव कान लावून ऐकल. शेण घालतील लोक आमच्या तोंडात." बाईकडे वळून म्हणाला, "हे काढा. नायतर शेडला टाळं लावतो. आजच."

मला वाटलं, आता बाई त्याला ऐकवणार. आईला तिनं ते ऐकवलेलं होतं, विचारलेलं होतं, आणि आई म्हणाली होती, "ठेव गो. झोपेला काय चोरायचं हाय." एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण बाईनं शर्टाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि हिरव्या साडीतला स्पीकर सोडवून माझ्या हातात दिला.

दादा गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. "सगळ्यात चांगलं तेच होतं. तुम्हीच म्हणत होता. मुंबईची माणसं त्याच्यासाठी येणारेत. दोन वर्षांचं काम तुमचं."

"काम माझं आहे हो," ती वायर गुंडाळत म्हणाली. "पण टाळं लागलं तर तुमच्या आई गुरुवारी झोपणार कुठे?"

तिला रडू येत होतं. ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. मला त्या बाईबद्दल जो आदर वाटतो तो त्या संध्याकाळपासून.

दुसऱ्या दिवशी आसनगाव स्टेशनवरून जीप भरभरून मुंबईची माणसं आली. लाइट गेलेली, म्हणून मी जनरेटर लावला होता. दादा सरपंचांबरोबर पुढे होता. गावातल्या बायका एकेक करून साड्यांना कान लावत होत्या आणि पदराआड तोंड दाबून हसत होत्या. माझ्या "हॅलो चेक"पाशी पण हशा पिकला. मग आई आली. ती थेट हिरव्या साडीपाशी गेली, कान लावला, खिशात हात घातला. खिसा रिकामा.

मला म्हणाली, "वायर निघाली का रं?"

मी म्हटलं, "दादानं काढायला लावली. लोक हसतील म्हणाला."

आईनं दादाकडे बघितलं, सरपंचांकडे बघितलं. मग चालत शेडच्या टोकाला गेली, गोधड्यांच्या खोलीत शिरली आणि दार उघडंच ठेवून चटईवर आडवी झाली. हात उशाला घेतला, पदर तोंडावर ओढला. मला वाटलं रागानं पडलीय, आत्ता उठेल. थोड्या वेळानं ती हलकी शीळ ऐकू आली. ती खरोखर झोपली होती.

बाई दारापाशी जाऊन बसली. मुंबईचे लोक एकेक करून दारात येऊन बघून जायला लागले. दादा तरातरा आला. आईला उठवायलाच आला होता, त्याची चालच सांगत होती. बाईनं त्याला अडवलं नाही, फक्त पायांकडे बोट केलं. "अहो, चपला." त्यानं चपला काढल्या आणि आत गेला.

मी वाकून बघितलं. दादा आईपासून हातभर लांब भिंतीला टेकून बसला होता आणि नुसता तिच्याकडे बघत होता. त्यानंही ती कधी झोपलेली बघितली नसणार.

तो बाहेर आला आणि मला हळू म्हणाला, "जनरेटर बंद कर."

"बंद केला तर सगळे आवाज जातील, दादा. प्रदर्शनच बंद पडेल."

"पडू दे. तिची झोपमोड होते."

मी बाईकडे बघितलं. तिनं मान हलवली. जनरेटर बंद केला. बाईनं पाहुण्यांना शेडबाहेर शेतात पेंढ्यावर बसवलं आणि सांगितलं, "त्या उठल्या की पुढे बघू." मोठमोठी माणसं होती, पण बसली. सरपंचही बसले. फीत तशीच राहिली.

दादा कुठे दिसेना. बघितलं तर तो माळ उतरून घराकडे चालला होता.

आई उठली तेव्हा उन्हं कलली होती. ती दारात आली, समोर एवढी माणसं गप्प बसलेली बघून चपापली, आणि मग तिला एकदम आठवलं. "अगो बाय. म्हातारा जेवला नाय."

"जेवला," दादा म्हणाला. तो केव्हा परत आला होता ते मला कळलं नाही. "मी भरवला."

मी बाईला खूण केली, की डबा उघडा, यंत्र चालू करा. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि डबा पदराखाली झाकला.

आई दादाजवळ गेली. त्याच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत वरणभात सांडलेला होता. तिनं पदरानं तो पुसायला घेतला.

"सांडलंस ना. त्याला जरा तिरपा बसवायचा असतो रं. मंग घास उतरतो."

दादा खाली बघून म्हणाला, "उंद्या दाखव माला."